फोन करायचा की थांबायचं? नव्या परिचारिकांचे प्रश्न

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं नुकतंच जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग करून वॉर्डात उभ्या राहिलेल्या मुलींची आहेत. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयांत गेली. आधी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) होते, मग परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज सिस्टर) झाले आणि शेवटची वर्षं पाठ्यनिर्देशिका (ट्यूटर) म्हणून काढली. त्यामुळे या मुलींना ‘तू’च म्हणतेय.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी एका खासगी रुग्णालयात लागले. कॉलेजात पहिल्या पाचात असायचे. इथे इव्हिनिंगला 28 पेशंट आणि आम्ही दोघी. औषधं, ॲडमिशन, डिस्चार्जच्या फाइली, नातेवाइकांच्या हाका, कशालाच पुरी पडत नाही. घरी जाताना बसमध्ये रडू येतं. माझी निवड चुकली का? (नाशिक)

नाही, चुकली नाही. तुला जे होतंय त्याचा अभ्यास 1974 सालीच मार्लीन क्रेमर या अमेरिकी परिचारिकेने केला आणि त्याला ‘रिॲलिटी शॉक’ असं नाव दिलं. कॉलेजात तुला एक पेशंट मिळायचा आणि त्याचा केअर प्लॅन लिहायला अख्खा दिवस असायचा. इथे तीच काळजी चौदा जणांत वाटायची आहे. जिने अभ्यास मन लावून केला, तिला हा फरक जास्त लागतो, कारण आपण काय काय करू शकलो नाही हे तिला नेमकं कळतं.

पुढे 1984 मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी परिचारिका कशी घडते याचे पाच टप्पे मांडले. त्यांच्या मते एकाच प्रकारच्या कामात साधारण दोन-तीन वर्षं काढल्यावर परिचारिका तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे ‘सक्षम’ म्हणावं तिथे पोहोचते. तुझे जेमतेम साठ दिवस झालेत.

शिवाय 14 पेशंटमागे एक नर्स हा तुझा दोष नाही. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषानुसार सर्वसाधारण वॉर्डात सहा पेशंटमागे एक नर्स असायला हवी. तू ज्या कमतरतेत काम करतेस ती तुझ्या आधीपासूनची आहे. ती स्वतःच्या माथी घेऊ नकोस, पण इन्चार्ज सिस्टरना आकड्यांसकट सांगत राहा.

उद्यापासून एक कर. ओव्हर, म्हणजे आधीच्या ड्यूटीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती, टेबलाशी बसून घेऊ नकोस, बेडपाशी जाऊन घे. प्रत्येक पेशंटकडे बघताना मनात एकच प्रश्न ठेव : माझ्या ड्यूटीत यांच्यापैकी कोण बिघडू शकेल? ते तीन-चार बेड नंबर खिशातल्या कागदावर सगळ्यात वर लिही. डिस्चार्जची फाइल अर्धा तास उशिरा झाली तर नातेवाईक चिडतील, पण त्या चार बेडकडे जाणं अर्धा तास लांबवू नकोस.

प्रश्न : रात्री पेशंटची तब्येत जरा वेगळी वाटली की डॉक्टरांना फोन करावा की नाही, हे ठरत नाही. एकदा केला तर “एवढ्यासाठी उठवलंत?” असं ऐकावं लागलं. तेव्हापासून हात फोनकडे जायला कचरतो. (कोल्हापूर)

सगळ्या पत्रांत मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. फोन करायचा. पहिल्या वर्षात चार फोन जास्त झाले तरी चालतील, पण जो करायला हवा होता तो राहता कामा नये.

मात्र फोनवर काय बोलायचं हे शिकावं लागतं. “सर, पेशंट बरा वाटत नाहीये, जरा बघता का?” यातून झोपेतून उठलेल्या माणसाला काहीच कळत नाही. एसबीएआर ही पद्धत तू वाचली असशील. तिचं मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांत आहे. तिथून ती कैसर पर्मनंटे या संस्थेच्या दवाखान्यांत आली आणि मग जगभर गेली. आत्ता काय झालंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं आणि मला काय हवंय, या क्रमाने बोलायचं. आपल्या वॉर्डात ते असं ऐकू येईल :

“सर, सर्जिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. बेड नंबर 9 ची पल्स तासाभरात 92 वरून 124 झालीय आणि बीपी 130/80 वरून 96/60 वर आलंय. पेशंट 58 वर्षांचे आहेत, काल आतड्याचं ऑपरेशन झालंय. ड्रेनमध्ये दोन तासांत 300 मिली रक्त आलंय आणि युरिन फक्त 20 मिली. मला आत रक्तस्रावाची शंका आहे. तुम्ही आत्ता बघायला यावं. येईपर्यंत सलाईन वाढवू का? क्रॉसमॅचला सॅम्पल पाठवू का?”

(ड्रेन म्हणजे ऑपरेशनच्या जागेतून रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी, क्रॉसमॅच म्हणजे रक्त देण्याआधीची जुळणी.) हे बोलायला मिनिटभरही लागत नाही. पण त्याआधी पल्स, बीपी, श्वास, ऑक्सिजन, युरिन, शुगर हे सगळं स्वतः पाहिलेलं हवं आणि फाइल हातात हवी. “मला शंका आहे” हे वाक्य बोलायला नव्या मुली घाबरतात. निदान करणं हे आपलं काम नाही म्हणून गप्प बसतात. तू निदान करत नाहीयेस. रात्रभर त्या माणसाजवळ तू आहेस आणि तुला काय दिसतंय ते सांगतेयस.

फोनवर ऑर्डर मिळाली तर लिहून घे, वाचून दाखव, “बरोबर आहे ना सर?” असं विचार आणि राउंडला त्यावर सही घे. डॉक्टर आले नाहीत तर दुसरा फोन, तरी नाही तर सीनियर डॉक्टरांना आणि नाइट सुपरवायझरना. प्रत्येक फोनची वेळ फाइलवर लिही. ओरडा बसला तर तो सहन होतो. बेड नंबर 9 ला पहाटेपर्यंत थांबवणं पुढे सहन होत नाही.

श्वासाबद्दल थोडं जास्त सांगते. पेशंट बिघडतो तेव्हा पुष्कळदा श्वासाचा वेग आधी बदलतो आणि नेमका तोच कोणी मोजत नाही. फाइलवर ओळीने 20, 20, 20 लिहिलेलं मी वर्षानुवर्षं पाहिलंय. नाडीवर बोट ठेव, पेशंटला कळू न देता छातीकडे बघ आणि पूर्ण एक मिनिट मोज. एखाद्या रात्री तो आकडा 28 निघेल आणि तुला फोन करायचा की नाही हा प्रश्नच उरणार नाही.

प्रश्न : माझ्याकडून चूक झाली. इन्शुलिनची वायल (छोटी बाटली) संपली होती म्हणून इन्शुलिन पेनच्या कार्ट्रिजमधून इन्शुलिन सिरिंजमध्ये काढलं आणि 10 युनिटच्या खुणेपर्यंत भरून दिलं. तासाभराने पेशंटला दरदरून घाम आला, शुगर 54 निघाली. डॉक्टरांनी डेक्स्ट्रोज दिलं, पेशंट सावरले. कारण मला नंतर उमगलं, पण मी कुणालाच सांगितलेलं नाही. झोप लागत नाही. (पुणे)

आधी काय झालं ते बाकीच्यांना कळू दे. आपल्याकडे इन्शुलिनच्या वायल बहुतेक 40 युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलीत 40 युनिट. त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. पेनच्या कार्ट्रिजमध्ये मात्र एका मिलीत 100 युनिट असतात आणि 100 ची सिरिंज नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजवर 10 ची खूण म्हणजे पाव मिली. पेनमधलं इन्शुलिन तिथपर्यंत भरलं की 10 ऐवजी 25 युनिट जातात, म्हणजे अडीच पट. उलटी चूकही होते : 40 ची वायल आणि नारिंगी सिरिंज, तर 10 च्या जागी 4 च युनिट जातात आणि शुगर का उतरत नाही म्हणून सगळे चक्रावतात. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्शुलिन काढायचंच नाही. वायल नसेल तर मागवायची आणि तोवर डॉक्टरांना कळवायचं.

आता तुझ्याबद्दल. आज ड्यूटीवर गेल्या गेल्या इन्चार्ज सिस्टरना सांग. पेशंट सावरले म्हणून विषय संपलेला नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने 10 युनिटला या माणसाची शुगर 54 वर आली. त्यामुळे ते उद्या त्यांचं इन्शुलिन कमी करतील. ज्यांना 10 युनिटच लागतात त्यांना 6 मिळतील, शुगर चढेल, जखम असेल तर ती चिघळेल. ही दुसरी चूक डॉक्टरांच्या हातून होईल, पण ती होईल तुझ्या गप्प राहण्याने. इन्सिडंट रिपोर्ट भर. त्यात घडलं तेवढंच लिही : वेळ, औषध, सिरिंज, नंतरची शुगर. फाइलवरची जुनी नोंद खोडू नकोस, मागची तारीख टाकून नवी लिहू नकोस. तसं केलंस तर चूक चूक राहत नाही, गुन्हा होते.

काही बोलणी बसतील, मेमोही मिळेल कदाचित. मीही यातून गेलेय. माझ्या पहिल्याच वर्षी वॉर्डात दोन शिंदे होते, बेड 12 आणि 14. बाराच्या शिंद्यांची बीपीची गोळी मी चौदाच्या शिंद्यांना दिली. “शिंदे ना?” असं विचारलं, त्यांनी हो म्हटलं. थरथरत सिस्टरना सांगायला गेले. त्यांनी आधी बीपीचं मशीन उचललं, रात्रभर दर तासाला आम्ही दोघींनी त्या माणसाचं बीपी पाहिलं. सकाळी त्या एवढंच म्हणाल्या, “नाव त्यांना सांगू द्यायचं, आपण सांगायचं नाही.” तेव्हापासून “तुमचं पूर्ण नाव सांगा” असं विचारून ते केसपेपरवरच्या नंबराशी ताडल्याशिवाय मी एकही गोळी दिली नाही.

प्रश्न : स्पंजिंग, कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता ही कामं मावशी करतात. मी बीएस्सी आहे. मी ही कामं केली की माझी किंमत कमी होते असं सहकारी म्हणतात. (ठाणे)

तू मुंबईच्या इतक्या जवळ आहेस म्हणून केईएमची गोष्ट सांगते. अरुणा शानबाग तिथे परिचारिका होत्या. नोव्हेंबर 1973 मध्ये रुग्णालयातच त्यांच्यावर पाशवी हल्ला झाला आणि मे 2015 मध्ये जाईपर्यंत त्या अंथरुणावर होत्या. केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. 2011 मध्ये त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा 37 वर्षांत त्यांना एकही बेडसोर (पडून राहिल्याने होणारी जखम) झाला नसल्याची नोंद झाली आणि न्यायालयाने तिथल्या कर्मचाऱ्यांचं मनापासून कौतुक केलं. ज्याने कुणी एका महिन्यात माकडहाडावर पडलेला बेडसोर पाहिलाय, त्याला या 37 वर्षांचा अर्थ कळेल.

मावशींची मदत जरूर घे, त्यांच्या हाताला अनुभव आहे. पण कूस बदलताना तू तिथे हवीस. पाठीवरची लाली, लघवीच्या पिशवीतला गढूळपणा, पिंडरीवरची एका बाजूचीच सूज तेव्हाच दिसते.

प्रश्न : मुलीचं जीएनएम झालं, नोंदणीही झाली. एक खासगी रुग्णालय नोकरी देतंय, पण मूळ प्रमाणपत्रं जमा करा आणि दोन वर्षांचा बॉण्ड लिहून द्या म्हणतं. द्यावा का? (लातूरहून एक वडील)

मूळ प्रमाणपत्रं देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, साक्षांकित प्रती द्या आणि मूळ कागद घरी आणा. ते कागद तुमच्या मुलीच्या मालकीचे आहेत. ते अडकले की सरकारी भरतीचा फॉर्मसुद्धा भरता येत नाही. बॉण्डवर सही करण्याआधी वकिलाला दाखवा, निदान सोडताना किती रक्कम मागणार हे वाचल्याशिवाय सही नको.

पगाराचंही लेखी घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिलेल्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने अशी शिफारस केली होती की 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान 20,000 रुपये मिळावेत आणि 200 हून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार असावा. ही शिफारस आहे, अंमल सर्वत्र होत नाही. तरी बोलणी करताना हा आकडा तुमच्या हाताशी असू द्या. नियुक्तिपत्रावर ‘स्टाफ नर्स’ असं पद हवं. ‘ट्रेनी’ लिहिलं असेल तर किती महिन्यांसाठी ते विचारा, कारण पुढे अनुभवाच्या दाखल्यावर तेच येतं.

प्रश्न : जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला आहे. पोस्टिंगमध्ये वापरलेली सुई बोटात घुसली. ट्यूटर रागावतील म्हणून सांगितलं नाही. (अकोला)

हिला मी पत्र मिळाल्या मिळाल्या कळवलं. इथे बाकीच्यांसाठी लिहितेय.

बोट वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळून रक्त काढू नका, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नका. लगेच ट्यूटरना आणि कॅज्युअल्टीत सांगा. एचआयव्हीचा धोका टाळणारी औषधं शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. ती 28 दिवस घ्यायची असतात. ज्या पेशंटची सुई होती त्याची तपासणी त्याच्या संमतीने होते आणि तुमचीही त्या दिवशीची तपासणी नोंदवली जाते. हिपॅटायटिस बी साठी लसीचे तीन डोस असतात : पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून 10 च्या वर आहेत ना ते पाहायचं. पोस्टिंग सुरू होण्याआधीच लसीकरण व्हायला हवं. तुमच्या कॉलेजात झालं नसेल तर सगळ्या वर्गाने मिळून प्राचार्यांकडे लेखी मागणी करा.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. तशीच पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाका. आणि ट्यूटरना माझी विनंती : सुई लागलेली मुलगी समोर आली की “कशी लागली?” हे नंतर विचारा. आधी तिला हाताला धरून कॅज्युअल्टीत न्या.