वाचकांचे प्रश्न : बेडसोअरवरचा प्रबंध

प्रश्न : मी एम.एस्सी. नर्सिंग करते आहे. दर दोन तासांनी कूस बदलल्याने आयसीयूतल्या रुग्णांचे बेडसोअर (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) कमी होतात का, हा विषय घेतला आहे. एका गटाची कूस बदलायची, दुसऱ्याची नाही, 30-30 रुग्ण. चालेल का?

उत्तर : विषय मोलाचा आहे, पण आराखडा बदला. कूस बदलणं ही नेहमीची काळजीच आहे. ती कुणाला नाकारता येत नाही आणि एथिक्स कमिटीही ते मान्य करणार नाही. दोन्ही गटांना ती मिळू द्या. एका गटाला जोडीला उशी लावून 30 अंश कलतं निजवा आणि पोटरीखाली उशी देऊन टाचा गादीपासून पूर्ण उचला. पूर्ण 90 अंशांच्या कुशीवर निजवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून कल महत्त्वाचा.

30-30 पुरणार नाहीत. बेडसोअरचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 15 वर येईल असं धरलं, तर 80 टक्के पॉवरसाठी (म्हणजे खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता 80 टक्के) प्रत्येक गटात साधारण 120 रुग्ण लागतात. तुमच्या आकड्यांत 9 विरुद्ध 4-5 असा फरक दिसेल, आणि तो निव्वळ योगायोगही असू शकतो. एकट्या विद्यार्थिनीला एवढे रुग्ण मिळवणं जड जातं. दोघी-तिघींनी मिळून काम केलं तर जमू शकतं, गाइडशी बोलून पाहा.

दाखल होताना कातडी धड असलेलेच रुग्ण घ्या, म्हणजे नव्याने झालेली जखमच मोजली जाईल. 24 तासांच्या आत ब्रेडन स्केल, म्हणजे बेडसोअरचा धोका मोजणारी गुणपट्टी, भरा. गुण 6 ते 23 असतात. 18 किंवा कमी म्हणजे धोका.

खरी गडबड होते ती मोजताना. माकडहाडावर लाली दिसली की बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. जागा फिकट झाली नाही, तर ती बेडसोअरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली लपते, म्हणून आजूबाजूच्या भागाशी ताडून ऊब आणि कडकपणाही पाहा. लघवी-शौचाच्या ओलाव्याने सोललेली कातडी बेडसोअरमध्ये मोजू नका. तिच्या कडा अस्पष्ट असतात आणि ती हाडाच्या टोकावरच असते असं नाही. तपासणारी सिस्टर गटापासून अनभिज्ञ हवी. आधी दोन सिस्टरनी तेच रुग्ण वेगवेगळे तपासावेत आणि त्यावरून कप्पा (kappa, दोघींचं मत किती जुळतं ते सांगणारा आकडा) काढा.

एकाच वॉर्डात दोन्ही गट ठेवले की सिस्टर हळूहळू सगळ्यांनाच उशा लावतात. त्यांचं चुकत नाही, पण तुमचा फरक पुसला जातो. शक्य असेल तर वेगळे वॉर्ड घ्या. चार्टवर विसंबू नका. रात्रीच्या नोंदी कधीकधी एकदमच भरलेल्या असतात. अधूनमधून स्वतः जाऊन कूस पाहा.

प्रश्न : सीटीआरआय (वैद्यकीय चाचण्यांची भारतातली नोंदवही) नोंदणी कधी करायची?

उत्तर : पहिला रुग्ण घेण्याआधी, आणि एथिक्स कमिटीची मंजुरी हाती आल्यावर. रुग्ण बेशुद्ध असेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती घ्या. तो शुद्धीवर आला की त्याला पुन्हा विचारा.