दगड कुठून आला, हे आधी नदीला विचारा

सोलापूरच्या माळावर सूक्ष्मास्त्र, म्हणजे अश्मयुगातलं छोटं दगडी हत्यार, दिसलं की लगेच 'हा दगड लांबून आणलाय' असं ठरवू नका. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी, अकीक, जॅस्पर हे हत्यारांना लागणारे गारेसारखे कठीण दगड तयार होतात आणि झिजून भीमा-सीनेच्या वाळूगोट्यात येतात. म्हणून आधी जवळचा गोटा मोजा: एक मीटरचा चौकोन आखून त्यातले न निवडता सलग शंभर गोटे घ्या, प्रकार आणि आकार लिहा. नुसते चकचकीत उचललेत तर मोजणी वाया गेली.

मग हत्याराची साल, म्हणजे दगडाचा न फोडलेला मूळ पृष्ठभाग, दहापट भिंगातून पाहा. गुळगुळीत, बारीक ठेचे पडलेली साल म्हणजे नदीतला गोटा. खडबडीत, हिरवट थर चिकटलेली साल बहुधा थेट खडकातली. रंगावर मात्र विसंबू नका. उन्हापावसाने आणि आगीने तो बदलतो. कॅल्सेडनीच्या बाबतीत रासायनिक तपासणीही ऑब्सिडियनइतका (ज्वालामुखीच्या काचेइतका) नेमका उगम सांगत नाही.

खरी मौज चुनखडकाची. त्याचे थर भीमेच्या खालच्या अंगाला, कलबुर्गीकडे आहेत आणि नदी उलटी वाहत नाही. तसा घडवलेला तुकडा इथे सापडला, तर तो माणसानेच आणला असणार. पण शहाबादी फरशीही तोच दगड! सपाट, सारख्या जाडीचा, वस्तीजवळचा तुकडा आधी बाद करा. चुनखडक ओळखायचा आम्लाचा थेंब उगमाच्या जागेवरून घेतलेल्या नमुन्यावरच टाका, हत्यारावर कधीही नाही.

गाभे (ज्यातून तुकडे काढले तो मूळ दगड), साल असलेले छिलके (उडालेल्या कपच्या) आणि तयार पाती वेगवेगळी मोजा. नुसती पातीच मिळाली, तर घडण दुसरीकडे झाली असावी. वस्तू जागेवरच ठेवा. पट्टीसह फोटो आणि जीपीएस नोंद पुरते.