दिंडोरी रोडचा एन.ए. प्लॉट आणि ‘दोन वर्षांत सगळ्या सोयी’

ताई, तुम्ही विचारलंय की आई-बाबांसाठी नाशिकला म्हसरूळच्या पुढे, महापालिकेच्या हद्दीबाहेर दोन गुंठ्यांचा एन.ए. (बिनशेती) प्लॉट बघितलाय, एजंट म्हणतो दोन वर्षांत पाणी, ड्रेनेज, दवाखाना सगळं येईल, तर घ्यावा का. मी त्याच पट्ट्यात चौदा वर्षं राहतोय. त्यातली पाच वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य होतो. त्यामुळे उत्तर लांबणार.

एजंटला एकच विचारा: सोयी येतील, पण आणणार कोण? तो आक्राळे-तळेगावची एमआयडीसी दाखवेल, शहर इकडेच सरकतंय म्हणेल. शहर सरकतं हो, हद्द सरकत नाही. 1982 साली नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका एकत्र करून महापालिका झाली, तेव्हा म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव ही गावं आत गेली. आमचं राहिलं बाहेर. हद्दीच्या आत माणशी रोज 135 लिटरच्या हिशेबाने पाणी, बाहेर केंद्राच्या जलजीवन मिशनच्या 55 लिटरच्या हिशेबाने. बांधकामाची परवानगी महानगर प्राधिकरण देतं, पण नळ, दिवे आणि कचरा बघायचा ग्रामपंचायतीनेच.

ग्रामपंचायतीच्या पाण्याचं गणित कसं असतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टाकी किती लिटरची, विहीर कुठे, पाइप किती इंची, हे लोकसंख्येवरून ठरतं. आकडा 2011 च्या जनगणनेचा, त्यात पुढच्या वाढीचा अंदाज मिळवलेला. त्या जनगणनेत आमच्या लेआऊटमध्ये एक घर नव्हतं, द्राक्षाचा मळा होता. 2021 ची जनगणना झालीच नाही. म्हणजे कागदावर गावठाण आणि मळ्यांतल्या वस्त्या आहेत, आम्ही नाही. मी सदस्य व्हायच्या आधी, पहिल्यांदा ग्रामसभेला गेलो तेव्हाच पाइपलाइन मागितली. भाऊसाहेब (ग्रामसेवकाला आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हणायचं, पण गावात ते भाऊसाहेबच) शांतपणे म्हणाले, पाइप टाकू, पण त्यात सोडू काय?

मग मागची एक आजी उठल्या. म्हणाल्या, “तुम्ही पाणी मागायला येता. यात्रेला कधी दिसला नाहीत.” मला राग आला होता. घरी आल्यावर मोजलं. आमच्या लेआऊटमधल्या मोजक्या भरलेल्या घरांपैकी निम्म्यांची मतदार यादीतली नावं अजून शहरात, पंचवटीत नाहीतर सिडकोत. बाकी प्लॉट मुंबई-ठाण्याच्या लोकांनी गुंतवणूक म्हणून घेतलेले, त्यात गाजरगवत. रिकाम्या प्लॉटवरून हाती येणारा कर किरकोळ, पण खांब आणि गटार त्याच्यासमोरूनही न्यायचं. सहा घरांसाठी तीस प्लॉटचा रस्ता उजळायचा. वित्त आयोगाचा निधी येतो, पण त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला असतो, आणि आराखडा ग्रामसभेत ठरतो. तिथे ज्यांचे हात वर होतात त्यांची गल्ली आधी होते. यात गावाचं काही चुकतंय असं मला तरी वाटत नाही. मग आम्ही आमची नावं इकडे वळवली, तेव्हा कुठे मला वॉर्डातून निवडून येता आलं, आणि पाच वर्षांत जमलं ते इतकंच: एक वाढीव टाकी आणि घंटागाडी. ड्रेनेज अजून नाही. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा धरूनच बजेट करा. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, तेव्हा मुरूम लागेपर्यंत खोदून बघितल्याशिवाय खड्ड्याची जागा ठरवू नका.

आता ओपन स्पेस. चार हजार चौरस मीटरच्या वरच्या लेआऊटला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आमचीही नकाशावर आहे, हिरव्या रंगाने रंगवलेली, बाक आणि झोपाळ्यासकट. प्रत्यक्षात लेआऊट पाडणाऱ्याने तिला तारेचं कुंपण घातलं, कारण सातबाऱ्यावर नाव त्याचंच राहिलं होतं. ते सुटायला आम्हाला सात वर्षं आणि बऱ्याच चपला लागल्या. म्हणून प्लॉटच्या सातबाऱ्यासोबत ओपन स्पेसचा आणि रस्त्यांचाही सातबारा मागा. मंजुरीच्या आदेशातल्या अटी शेवटच्या पानापर्यंत वाचा. त्या जागांचं पुढे काय करायचं ते तिथे लिहिलेलं असतं, आणि एजंट नेमकी ती पानं झेरॉक्स करत नाही.

कागदांचं बाकी थोडक्यात: मंजूर नकाशा आणि जमीन बिनशेती झाल्याचा कागद हवाच. “सातबाऱ्यावर समाईक नाव लावून देतो” असं कोणी म्हणालं तर चहा संपवून उठा. शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र (त्याहून लहान तुकडा शेती म्हणून विकता येत नाही) 2023 पासून बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे आहे. दोन गुंठ्यांची शेती विकत मिळते म्हणणारा तुम्हाला पुढचं भांडण विकतोय. आणि गाव नकाशावर ओहोळ बघा. जमीन सपाट करताना तो बुजवलेला असतो. ओहोळ विसरत नाही, पावसाळ्यात जुन्याच वाटेने येतो.

आई-बाबांच्या दृष्टीने दोन गोष्टी. दवाखाना ‘येणार’ हे डोक्यातून काढा. सरकारी निकषाने सर्वसाधारण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजार लोकवस्तीला एक, उपकेंद्र पाच हजारांना एक. तुमच्या लेआऊटसाठी वेगळं काही होणार नाही. रात्री काही झालं तर पंचवटी गाठायची आहे हे धरून चाला. दुसरी गोष्ट शेजारच्या मळ्याची. एजंट ‘व्ह्यू’ म्हणून द्राक्षबाग दाखवेल. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर त्याच बागेत ट्रॅक्टरला ब्लोअर लावून फवारणी चालते, पहाटे आणि संध्याकाळी, ढगाळ हवेत तर दिवसाआड. बाबांना दमा असेल तर बागेला लागून असलेला प्लॉट नको. शेतकऱ्याशी भांडून उपयोग नाही, तो तुमच्या आधीपासून आहे आणि डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) तुमच्या झोपेसाठी थांबत नाही. आमच्याकडे एकाने तक्रार केली. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरावरून जाणारी मळ्याची वाट शिवरस्ता (गावाच्या शिवेवरचा सरकारी रस्ता) निघाली आणि त्याचं कंपाउंड दोन फूट आत गेलं.

तर घ्यावा का? घर बांधून लगेच राहायचं असेल, नावं इकडे वळवायची तयारी असेल, आणि गावठाण चालत दहा मिनिटांत असेल तर घ्या. मी पस्तावलेलो नाही. आईला संध्याकाळी पारावर गप्पा मारायला माणसं मिळाली, तशी फ्लॅटमध्ये मिळाली नसती. गुंतवणूक म्हणून घेऊन पाच वर्षांनी बघू, असं असेल तर गाजरगवत वाढवणाऱ्यांत तुमची भर नको.

बयाणा देण्याआधी मे महिन्यात एकदा सकाळी सहाला तिथे जा. एजंटला न सांगता. टँकर कोणाच्या दारात थांबतो आणि किती रुपये घेतो ते विचारा. जवळचा बोअर किती फुटांवर लागला आणि कधी आटतो, तेही. गट नंबर इथे टाकू नका, मला निरोपात पाठवा. ओहोळ कुठून जातो ते गाव नकाशावर बघून सांगतो.