सुगीत घरी जाताना

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

दिवाळीआधी तीन दिवसांची रजा मिळाली आणि घरी निघालास, हे वाचून बरं वाटलं. पण नुसती झोप काढायला जाऊ नकोस. आपल्या लातूरकडे हे सुगीचे दिवस. सोयाबीन काढून बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, लावलेली, मळणी यंत्राचा नंबर लागायचा, वर परतीच्या पावसाचं आभाळ. त्यातच ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीची घाई.

तुझ्या वयाचा होतो तेव्हा मीही असाच दोन दिवसांसाठी गेलो होतो. ओट्यावर बसून वडिलांना सांगत राहिलो, इतक्यात विकू नका, थांबा, भाव चढेल. ते नुसतं ‘हूं’ म्हणायचे. रात्री विजा कडाडल्या, जाग आली, तर त्यांचं अंथरूण रिकामं. रानात पोचलो तेव्हा ताडपत्रीचं एक टोक पायाखाली दाबून ते दुसरं ओढत होते आणि वारा ते हातातून हिसकून नेत होता. एकट्याचं काम नव्हेच ते. एका अंगाने बनीम भिजली. चार दिवसांत शेंगांना कोंब फुटले. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. अजून लागतं मनाला.

२०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. पण त्यासाठी ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. भिजलेल्या मालाला आडतीवर ओलाव्याचा मीटर लावला की काय होतं, हे वडिलांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. काढणीचं गुत्तं म्हणजे ठरवून दिलेली मजुरी, मळणीवाल्याचे पैसे, रब्बीचं बी-खत, सगळं याच महिन्यात अंगावर येतं. म्हणून विकायची घाई असते, समज नसते म्हणून नव्हे.

तेव्हा भावाचं बोलू नकोस. सकाळी त्यांच्याबरोबर रानात जा. ते माती मुठीत दाबतील, मग बोटांनी फोडून बघतील. मोकळी झाली तर वापसा आला, म्हणजे पेरणीजोगी ओल झाली, चिकटली तर अजून दोन दिवस थांबायचं. तूही मूठभर घेऊन दाब आणि त्यांना विचार. फोनवर ते यातलं काही सांगणार नाहीत, तिथे कायम ‘सगळं बरंय’ असतं. दुपारी आई चकलीला बसली की सोऱ्या तू घे. तिचं मनगट दुखतं, ती सांगायची नाही.

आणि वीस-पंचवीस हात नायलॉनची दोरी पुण्यातूनच घेऊन ठेव. ट्रॅव्हल्स पहाटे लातूरला सोडेल तेव्हा दुकानं उघडलेली नसतात, आणि ताडपत्रीची सुतळी दरवर्षी याच दिवसांत तुटते.

तुझे सर