नकाशा ‘कलात्मक कृती’ कसा?

प्रश्न असा: १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या अनुवादात नकाशाला ‘कलात्मक कृती’त बसवलंय. नकाशा म्हणजे माहिती, त्यात कला कुठली? अनुवादकाचा शब्द चुकला का? आणि कॉपीराइटला ‘प्रताधिकार’ म्हणावं की ‘स्वामित्वहक्क’?

अनुवादकाला बोल लावू नका. मूळ कायद्यातच ‘आर्टिस्टिक वर्क’ आहे. चित्र, शिल्प, रेखाटन, कोरीवकाम, छायाचित्र अशी यादी, आणि रेखाटनाच्या पोटात आकृती, नकाशा, तक्ता, आराखडा. पुढे पुस्तीही जोडलीय: कृतीत कलागुण असोत वा नसोत. तेव्हा नकाशा देखणा की ओबडधोबड, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही.

गंमत पुढे आहे. नकाशाला कुठल्या खणात ठेवायचं हे इंग्रजांना दोनशे वर्षं ठरवता आलं नाही. १७१०चा राणी ॲनचा कायदा फक्त पुस्तकांपुरता होता. १७३५ साली विल्यम होगार्थ या चित्रकाराच्या खटपटीने कोरीव छापचित्रांना संरक्षण मिळालं, आणि १७६७च्या दुरुस्तीत त्याच रांगेत नकाशे, सागरी तक्ते आणि आराखडे स्पष्ट नावानिशी आले. कारण साधं होतं. नकाशा तेव्हा तांब्याच्या पत्र्यावर कोरूनच छापत. पत्र्यावर मालकाचं नाव आणि तारीख कोरणं कायद्याने सक्तीचं होतं. म्हणून त्या काळचे इंग्रजी नकाशे पाहिलेत तर चौकटीखाली बारीक अक्षरांत ‘पार्लमेंटच्या कायद्यानुसार प्रसिद्ध’ अशा अर्थाची ओळ अनेकदा सापडते.

१८४२च्या कायद्याने ‘पुस्तक’ या शब्दाच्या व्याख्येतच सुटा नकाशा कोंबला. १९११च्या कायद्यात तो ‘साहित्यकृती’ झाला. तो कायदा १९१४ साली थोड्या फेरफारांनी हिंदुस्थानात लागू झाला, म्हणजे आपल्याकडेही नकाशा काढणारा कायद्याच्या लेखी साहित्यिकच! २१ जानेवारी १९५८ला नवा कायदा अमलात आला आणि त्याचा कलावंत झाला.

मला विचाराल तर आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक होतं. ‘नकाशा’ आला अरबी ‘नक्श’वरून, आणि नक्श म्हणजे कोरणं, ठसा उमटवणं. ‘नक्षी’ त्याच घरची. १७६७ साली पार्लमेंटने नकाशाला कोरीवकामाच्या पंगतीत बसवलं, आपण शब्दातच बसवलं होतं. ‘नक्कल’ मात्र या घरची नव्हे. ती ‘नक़्ल’वरून आली, एका जागेहून दुसरीकडे नेणं या अर्थाच्या धातूतून.

नक्कल कशाला म्हणायचं, याचा निवाडा एका नकाशाच्याच खटल्यात झाला. १७८५, सेअर विरुद्ध मूर. एकाचे सागरी तक्ते वापरून दुसऱ्याने नवा तक्ता काढला, पण जुन्यातल्या चुकाही सुधारल्या. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ज्यूरीला दोन्ही धोके सांगितले: कष्टाचं फळ चोरीला जाऊ नये आणि सुधारणाही अडू नये. नुसती गुलामी नक्कल आहे की नाही, एवढंच ज्यूरीने ठरवायचं. ज्यूरीने कौल मूरच्या बाजूने दिला. खडक चुकीच्या जागी दाखवणारा तक्ता जहाज बुडवतो, तेव्हा हा कौल मला तरी पटतो.

आता दुसरा प्रश्न. माझं मत ‘प्रताधिकार’ला. लंडनच्या छापणाऱ्यांच्या बोलीत ‘कॉपी’ म्हणजे ज्यावरून छापायचं ते हस्तलिखित, आपल्याकडची ‘मुद्रणप्रत’. पुढे तोच शब्द छापण्याच्या हक्कालाही लागला. अमेरिकेचा १७९०चा पहिला कायदा ‘नकाशे, तक्ते आणि पुस्तकं’ यांच्या ‘प्रती’ सुरक्षित करण्यासाठी म्हणून आला, आणि शीर्षकात नकाशे पुस्तकांच्याही आधी! ‘स्वामित्वहक्क’ चूक नाही, पण फार ऐसपैस आहे. वाळू-मुरमाच्या रॉयल्टीला महसूल खातं ‘स्वामित्वधन’ म्हणतं, त्याच्याशी उगाच गल्लत होते.

दोन्ही शब्दांतला फरक बघायचा तर शेताची मोजणी आठवा. मोजणी झाली की भूमी अभिलेख कार्यालयातून हद्दी दाखवणारा नकाशा मिळतो. त्याला सगळे ‘क प्रत’च म्हणतात. जमिनीचं स्वामित्व तुमचं. त्या क प्रतीचा प्रताधिकार मात्र सरकारचा, कारण सरकारी कामाचा पहिला धनी कायद्याने सरकारच.