समुद्रातल्या लोखंडावर काम करायचंय म्हणते लेक, करू द्या ताई

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक रत्नागिरीत बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कुठलंतरी लेक्चर ऐकून आली आणि तेव्हापासून एकच धरून बसलीय की किनाऱ्याजवळचे धातू भर समुद्रात पोचतात कसे यावर काम करायचंय, आणि घरचे म्हणतायत बी.एड. कर नाहीतर लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कंपनीत लाग. तुम्ही विचारलंय की यावर पोट भरतं का, मुलीच्या जातीला जहाजावर पाठवायचं कसं, आणि मुळात यात शोधायचं काय, नदीचं पाणी समुद्राला मिळतं एवढंच ना?

एवढंच नाही हो, म्हणून आधी तेच सांगते. पावसाळ्यात काजळी नदीचं लाल पाणी भाट्याच्या खाडीत येतं ते तुम्ही दरवर्षी बघताय, ती लाली म्हणजे जांभ्या मातीतलं लोखंड. पण गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की लोखंडाचे अगदी बारीक कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि तळाला बसतात, बऱ्याच नद्यांच्या मुखाशी नव्वद टक्क्यांपर्यंत लोखंड असं तिथल्या तिथेच अडकतं. मग शेकडो किलोमीटर आत जे थोडंफार सापडतं ते येतं कुठून? काही वाऱ्याबरोबर उडून आलेल्या वाळवंटी धुळीतून, आणि काही चक्क चिखलातून.

हा चिखल लेकीला हाताने बघू दे. ओहोटीला खाडीच्या कडेला वीतभर खणलं की वर पातळ तपकिरी थर दिसतो आणि खाली काळाकुट्ट, सडक्या अंड्याचा वास मारणारा गाळ. वरच्या थराला ऑक्सिजन मिळतो, खालच्याला नाही. खालचे जीवाणू ऑक्सिजनच्या जागी लोखंडाचा आणि मँगनीजचा गंज वापरून जगतात, आणि त्यात ते धातू विरघळून वरच्या पाण्याकडे झिरपायला लागतात. वर ऑक्सिजनवालं पाणी असेल तर लोखंड लगेच परत गंजून खाली बसतं. काळा गोळा उन्हात ठेवून संध्याकाळी बघायला सांगा तिला, बाहेरून तपकिरी पडायला लागलेला दिसेल, तेच ते.

पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या शेवटी खालचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी उथळ भागावर चढून येतं. तेव्हा लोखंडाला गंजायला वेळ लागतो आणि तेवढ्यात प्रवाह त्याला आत ओढून नेतो. मँगनीज तर लोखंडापेक्षा कितीतरी सावकाश गंजतं म्हणून ते जास्त लांब जातं. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नसलेलं पाणी आहेच, त्यामुळे हा विषय आपल्या दारातला आहे.

आणि हे पाणी किनाऱ्यावरूनच आलं हे ओळखायचं कसं, तर रेडियमवरून. गाळातल्या थोरियमपासून रेडियम-२२८ हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य तयार होतं, थोरियम गाळाला चिकटून बसतं पण रेडियम खाऱ्या पाण्यात सुटतं, आणि दर पावणेसहा वर्षांनी ते निम्मं होतं. म्हणजे पाण्याने किनारा सोडल्याचं एक घड्याळच त्याच्याबरोबर चालत असतं. मला स्वतःला या सगळ्यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

आता कामाचं. भर समुद्रात लोखंड इतकं कमी असतं की १०० कोटी लिटर पाण्यात ५०-६० ग्रॅम, म्हणजे ओंजळभर खिळे, आणि कित्येक ठिकाणी त्याहूनही कमी. आणि पाणी काढायचं ते लोखंडी जहाजावरून! म्हणूनच कित्येक वर्षं जगभरातले आकडे चुकीचे निघत होते, भांड्याचं, दोरीचं, हाताचं लोखंड मोजलं जात होतं. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या मॉस लँडिंगच्या सागरी प्रयोगशाळेतल्या जॉन मार्टिन यांनी स्वच्छतेचं कडक पथ्य पाळून अलास्काच्या आखाताचं पाणी तपासलं आणि दाखवून दिलं की तिथे बाकी खत भरपूर असून सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत त्या लोखंडाअभावी. मी एका प्रयोगशाळेत बघितलंय, प्लास्टिकच्या बाटल्या आठवडाभर ॲसिडमध्ये बुडवलेल्या, मग अतिशुद्ध पाण्याने खळखळून धुतलेल्या, मग दोन-दोन पिशव्यांत बंद, आणि बाहेरच्या पिशवीला हात लावणारा माणूस आतल्या पिशवीला हात लावत नाही. तुमची लेक प्रॅक्टिकलला ब्युरेट तीनदा धुणारी आहे की उरकून टाकणारी? ते तिच्या मार्कांपेक्षा महत्त्वाचं आहे, तिला विचारा.

शिक्षणाचं म्हणाल तर केमिस्ट्री अजिबात सोडू नका. गोवा विद्यापीठात मरीन सायन्सचं एम.एस्सी. आहे, कोचीनला कुसॅट विद्यापीठात आहे, किंवा जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन साधं एम.एस्सी. केमिस्ट्री केलं तरी पुढे हा रस्ता उघडा राहतो. त्यानंतर सीएसआयआर नेट ही परीक्षा. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार, म्हणजे पीएच.डी.साठी तुम्हाला कर्ज काढायला लागत नाही. गोव्यात दोनापावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, मुंबईतही त्यांचं केंद्र आहे, आणि अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेची माणसं सागर कन्या जहाजावरून नेमकं हेच काम करून आलीत, समुद्रातले धातू मोजणाऱ्या जिओट्रेसेस या जगभरच्या मोहिमेत. कडू गोष्टही सांगते, पर्मनंट जागा थोड्या आहेत, पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात आणि नंतरही बऱ्याचदा दोन-तीन वर्षं परदेशात काढावी लागतात. पण आयसीपी-एमएस, म्हणजे अगदी थोडे धातू मोजणारं मशीन चालवायला हात बसला तर फार्मा कंपन्यांना औषधांतले धातू तपासायला हीच माणसं लागतात, पाणी-माती तपासणाऱ्या लॅबनाही लागतात. म्हणजे लोटे कुठे पळून जात नाही, उलट तिथे जास्त चांगल्या खुर्चीवर जाता येतं.

जहाजाची धास्ती समजते मला, मुलगी महिना-महिना पाण्यावर म्हणजे आईच्या पोटात कालवणारच. पण पुण्यात बी.एस्सी. झालेल्या अदिती पंत एनआयओमधून १९८३ साली अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेल्या होत्या, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. आज मुली जहाजांवर नियमाने जातात. बोट लागते ती पहिले दोन-तीन दिवस, मग बहुतेकांना सवय होते.

जॅमचे फॉर्म सप्टेंबरच्या सुमारास निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते, तेव्हा बी.एड.चं आत्ताच पक्कं करू नका. आणि चिखल खणून झाला की काळा थर किती खोलीवर लागला ते लेकीला मला कळवायला सांगा, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, दोन्ही आकडे हवेत मला.