ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : पातळी, वास आणि झटके

डिपस्टिक दर वेळी वेगळीच पातळी दाखवते. गिअरबॉक्सचं ऑइल मोजताना माझं काय चुकतं?

बहुधा तुम्ही इंजिन ऑइलसारखं, गाडी बंद करून मोजत असाल. इंजिन बंद झालं की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) आणि वॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब क्लचकडे वळवून गिअर बदलणारा भाग) यांतलं ऑइल खाली पॅनमध्ये, म्हणजे तळाच्या भांड्यात उतरतं, त्यामुळे पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. उलट थंड ऑइल आकसलेलं असतं, म्हणून ते कमी दिसतं.

आधी पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवून आणा. मग सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन चालूच ठेवा. पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद थांबवत खालपर्यंत न्या आणि परत पी मध्ये आणा. आता बॉनेट उघडून डिपस्टिक काढा. सैल बाही आणि ओढणी फॅनपासून लांब ठेवा. डिपस्टिक पुसायला धागे सुटणारं फडकं नको, कारण वॉल्व्ह बॉडीतल्या वाटा फार बारीक असतात. पुसून पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि दोन्ही बाजू बघा. कमी दाखवणारी बाजू खरी धरा. पातळी ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये हवी. याला अपवाद आहेत : होंडाच्या अनेक गाड्यांत इंजिन बंद केल्यावर ६० ते ९० सेकंदांत मोजायचं असतं. मॅन्युअलमधलं ते एक पान वाचाच.

कमी असेल तर एका वेळी १०० ते २०० मिली घालून पुन्हा मोजा. खुणेच्या वर गेलं तर फिरते भाग ऑइल घुसळून फेस करतात. फेसात दाब टिकत नाही, म्हणून जास्त ऑइलनेही क्लच घसरतात. आणि एक लक्षात ठेवा, हे ऑइल जळून संपत नाही. पातळी उतरली म्हणजे ते कुठून तरी गळतंय : पॅनचं गॅस्केट, ॲक्सलचं सील किंवा कूलरच्या नळ्या आधी बघा.

डिपस्टिक हातात आहेच, तर एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लालसर किंवा तपकिरी डाग पसरत गेला तर घाबरू नका. मध्येच काळा ठिपका बसला, बोटाला बारीक कण लागले आणि जळका वास आला, तर क्लच प्लेट झिजतायत. गुलाबी दुधासारखं दिसलं तर ऑइलमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) शिरलंय. गाडी तिथेच बंद करा आणि टो करून न्या.

माझ्या गाडीत डिपस्टिकच नाही. मग?

आधी गिअरबॉक्स कोणता आहे ते बघा. एएमटी (क्लच आणि गिअर मशिनने आपोआप बदलणारा) असेल तर आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच आहे. वरची सगळी पद्धत तिथे लागूच होत नाही. सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा) आणि ड्युअल क्लच (दोन क्लच आळीपाळीने वापरणारा) यांची ऑइलं वेगळी असतात. सीव्हीटीमध्ये साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) ओतलं तर पट्टा आणि पुली खराब होतात.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या बिनडिपस्टिकच्या गाडीत ओव्हरफ्लो प्लग असतो. इंजिन चालू आणि ऑइल ठरावीक तापमानाला असताना, पुष्कळ गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या आसपास, प्लग उघडायचा. ऑइलची बारीक धार येऊन थेंब थेंब पडू लागलं की पातळी बरोबर. तापमान स्कॅनरवरच (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून वाचायचं यंत्र) कळतं आणि गाडी चारही बाजूंनी समतल उचलावी लागते. एका जॅकवर उचलून खाली सरपटत जायचं हे काम नाही. लिफ्ट असलेल्या वर्कशॉपमध्येच करा.

सकाळी डी टाकल्यावर गाडी तीन-चार सेकंदांनी हलते. नंतर दिवसभर ठीक.

एखाद-दीड सेकंद लागणं चालतं, तीन-चार नाही. आधी पातळी बघा. ती बरोबर असेल तर सकाळी डी आणि आर दोन्ही टाकून सेकंद मोजा. दोन्हीकडे उशीर होत असेल तर दाबच उशिरा तयार होतोय : तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप किंवा रात्रभरात रिकामा होणारा कन्व्हर्टर. एकाच गिअरला उशीर होत असेल तर त्या क्लचची कडक झालेली सीलं संशयित. रबर तापून मऊ झालं की ती बसतात, म्हणून दुपारी गाडी शहाण्यासारखी वागते. तोवर उशीर भरून काढायला रेस देऊ नका. क्लच झटक्याने बसतो आणि तेवढाच झिजतो.

साठच्या वेगात हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी थरथरते. टायरवाला म्हणतो, चाकांत दोष नाही.

ही बहुधा लॉक-अप क्लचची थरथर. कन्व्हर्टरमधला हा क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे कुणी नसताना ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेक पेडलला जेमतेम स्पर्श करा, ब्रेकलाइट लागेल इतकाच. लॉक-अप सुटतो आणि आरपीएम थोडे वर जातात. त्याच क्षणी थरथर थांबली तर दोष लॉक-अपचा. थांबली नाही तर स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल तपासा. लॉक-अपच्या थरथरीत कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ताजं ऑइल घालून बघणं हा पहिला आणि स्वस्त उपाय. बाटलीतल्या जादुई ॲडिटिव्हच्या नादी लागू नका.

९०,००० किलोमीटर झाले, ऑइल कधीच बदललेलं नाही. आता बदललं तर गिअरबॉक्स जातो म्हणतात.

ऑइल बदलल्याने चांगला गिअरबॉक्स जात नाही. आधीच घसरणारा जातो आणि नाव ऑइलवर येतं. गाडी नीट गिअर बदलत असेल तर बदला, पण मशिनने दाब देऊन फ्लश नको. पॅन रिकामा केल्यावर साधारण ४० टक्केच ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. मध्ये काही शे किलोमीटर चालवत तीनदा बदललं की जुनं ऑइल जेमतेम २२ टक्के उरतं. निघालं तेवढंच मोजून भरा. भरायचा प्लग आधी सुटतोय का ते बघूनच ऑइल काढायचा खालचा प्लग उघडा. वरचा जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी लेप असणं नेहमीचं. चकाकणारे तुकडे दिसले तर ऑइलवर पैसे घालू नका.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, दिवा लागला. स्कॅनर पी०७०० दाखवतो.

पी०७०० एवढंच सांगतो की ट्रान्समिशनच्या कंट्रोलरकडे तक्रार नोंदली आहे. खरा कोड त्या कंट्रोलरमध्ये असतो आणि स्वस्त स्कॅनर तो वाचत नाहीत. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी०७४१ लॉक-अपचा. कोड पुसण्याआधी लिहून ठेवा. आणि गाडी टो करायची वेळ आली तर इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं जमिनीवर ठेवून नेऊ नका : पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद असलं की आत ऑइल फिरत नाही.